सायकल येते, पण रस्त्यावर भीती वाटते? ‘अगदी कडेनं जा’ हा सल्ला नेहमी सुरक्षित का नसतो

तोल सांभाळता आला की सायकल आली, असा सर्वसाधारण समज आहे. सोसायटीच्या आवारात किंवा मैदानात तो खराही असतो. पण पुण्यातल्या कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता तोल ही सगळ्यात लहान अडचण ठरते. मागून पीएमपीची बस, डावीकडे उभी केलेली मोटार, समोर प्रवासी दिसला म्हणून एकदम थांबलेली रिक्षा, आणि सोबत घरून मिळालेला एकच सल्ला : ‘अगदी कडेनं जा.’

हा सल्ला काळजीपोटी दिलेला असतो. पण शहरातल्या अनेक रस्त्यांवर नेमका तोच नवख्या सायकलस्वाराला अडचणीत आणतो.

एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात आज अशी एक आख्खी पिढी आहे, जी थेट स्कूटीवर बसली. त्यांच्या आईवडिलांनी तासावर भाड्याने सायकल घेऊन किंवा वडिलांच्या उंच सायकलच्या दांडीखालून पाय घालून, गुडघे फोडून घेत सायकल शिकली होती. आता पंचविशी-तिशीतले, अगदी चाळिशीतलेही अनेक जण नव्याने शिकू पाहतात. कुणाला ऑफिस चार किलोमीटरवर आहे, कुणाला डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय, कुणाचं लहानपणी राहूनच गेलंय. त्यांच्यासमोर प्रश्न दोन असतात आणि ते वेगवेगळे असतात : सायकल कशी शिकायची आणि रस्ता कसा शिकायचा.

मोठेपणी सायकल शिकता येते का?

येते, आणि वाटतं त्यापेक्षा लवकर. फक्त शिकवण्याची पद्धत बदलावी लागते. मागे धरून कुणीतरी पळायचं आणि मग हळूच सोडून द्यायचं, ही आपल्याकडची रूढ पद्धत मोठ्या माणसासाठी फारशी उपयोगाची नाही. धरणारा दमतो आणि शिकणाऱ्याला तोल कसा सांभाळायचा हे कळतच नाही, कारण तो सांभाळण्याचं काम दुसराच करत असतो.

त्यापेक्षा दोन्ही पेडल काढून टाकावीत. सीट इतकी खाली आणावी की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. मग पायांनी ढकलत चालायचं, थोड्या वेळाने लांब ढांगा टाकायच्या आणि शेवटी पाय उचलून सायकल घरंगळू द्यायची. नजर पुढच्या चाकावर न ठेवता दहा-पंधरा मीटर पुढे ठेवायची. पाय न टेकता इतकं अंतर जाता आलं की आधी एक आणि मग दुसरं पेडल बसवावं. (पेडल काढताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. डावीकडच्या पेडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सैल होतं. हे माहीत नसल्याने तो आटा अनेकदा आणखी घट्ट केला जातो.)

ही पद्धत नवी वाटली तरी सायकलचा जन्मच असा झालाय. १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस यांनी जे दुचाकी वाहन चालवून दाखवलं, त्याला पेडल नव्हतीच. स्वार पायांनी जमीन ढकलत जायचा.

तोल जातो तेव्हा नेमकं काय होतं?

सायकल ज्या बाजूला कलते, त्याच बाजूला हँडल किंचित वळवायचं असतं. त्यामुळे चाकं पुन्हा शरीराच्या वजनाखाली येतात. नवशिका घाबरून उलट बाजूला हँडल ओढतो आणि पडतो. लहान मुलांच्या सायकलला लावलेली आधाराची दोन चाकं यासाठीच फारशी कामाची नाहीत. ती सायकलला कलूच देत नाहीत, त्यामुळे सावरायचं कसं हे शिकायचं राहून जातं.

फिरत्या चाकांमुळे भोवऱ्यासारखा परिणाम होतो आणि म्हणून सायकल उभी राहते, असं अनेकांनी शाळेत ऐकलेलं असतं. तो परिणाम असतो, पण त्यावरच सगळं अवलंबून नाही. २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधात संशोधकांनी हा परिणाम नाहीसा केलेली, खास बनवलेली सायकल स्वाराशिवाय स्वतःहून तोल सावरते, हे दाखवून दिलं. विमान उडवण्याआधी सायकली बनवणारे विल्बर राइट यांच्याही लक्षात एक गंमत आली होती. उजवीकडे वळताना स्वार आधी क्षणभर हँडल किंचित डावीकडे नेतो, पण आपण असं करतो हे बहुतेकांना सांगता येत नाही. म्हणजे अंगवळणी पडणं हेच खरं शिकणं. त्यासाठी व्याख्यानापेक्षा मोकळं मैदान आणि रोजचा अर्धा तास जास्त उपयोगी.

मैदानातून रस्त्यावर कधी जावं?

बहुतेक जण इथेच घाई करतात. सरळ जाता आलं, वळता आलं की दुसऱ्या दिवशी सायकल रस्त्यावर. ब्रिटनमध्ये ‘बाइकेबिलिटी’ नावाच्या प्रशिक्षणात तीन पायऱ्या आहेत : आधी बंद आवार, मग शांत रस्ते आणि शेवटी वर्दळीचे रस्ते. तिथेही आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक असल्याने हा क्रम इथे जसाच्या तसा वापरता येतो.

आवारातून बाहेर पडण्याआधी जी कौशल्यं हवीत, त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे सायकल सरळ ठेवत उजव्या खांद्यावरून मागे पाहणं. नवशिक्याची मान वळली की हात वळतात, हात वळले की सायकल उजवीकडे सरकते आणि नेमकी तिथेच मागची गाडी असते. मैदानात चुन्याची रेघ मारून त्यावरून जाताना मागे कुणीतरी किती बोटं दाखवतंय हे सांगायचा सराव करावा. रेघ न सोडता बोटं सांगता आली की अर्धं काम झालं. एका हाताने चालवत दुसऱ्या हाताने वळण्याची खूण करणंही त्याच सरावात येतं.

दुसरं कौशल्य ब्रेकचं. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, तरी नवी किंवा उसनी सायकल घेतल्यावर दाबून खात्री करावी. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, कारण वेग कमी होताना वजन पुढे येतं. पण तो एकदम दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढत्या जोराने दाबायचे.

थोडं गणित केलं तर वेगाचा अंदाज येतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला साधारण चार मीटर जाते. समोरचा धोका कळून बोटं ब्रेकवर दाबली जाईपर्यंत एक सेकंद गेला आणि त्यानंतर बऱ्यापैकी ब्रेक लागला, तर थांबायला एकूण सातेक मीटर लागतात. वेग २५ असेल तर हेच अंतर पंधरा मीटरच्या घरात जातं. उतारावर वेग किती वाढू द्यायचा, हे यावरून ठरवता येतं.

मग ‘कडेला’ म्हणजे किती कडेला?

ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये २०२२ साली मोठी सुधारणा झाली. फुटपाथच्या कडेपासून किमान अर्धा मीटर आत राहावं आणि उभ्या गाड्यांच्या बाजूने जाताना दार उघडलं तरी लागणार नाही इतकं, म्हणजे साधारण एक मीटर अंतर ठेवावं, असं त्यात सायकलस्वारांना सांगितलं आहे.

आता पुण्यातल्या रस्त्याची कड आठवून पाहावी. कडेच्या त्या अर्ध्या मीटरमध्ये पावसाळी गटाराच्या जाळ्या, खचलेली चेंबरची झाकणं, वाळू, काचा आणि डांबराच्या थराची उंच राहिलेली कडा असते. एखाद्या जाळीच्या फटी रस्त्याला समांतर असतील तर सायकलचं बारीक टायर सरळ आत जातं. कडेने जाणारा स्वार हे चुकवायला दर वीस पावलांवर अचानक उजवीकडे येतो. मागच्या गाडीवाल्याच्या दृष्टीने सगळ्यात धोकादायक स्वार हाच. हळू जाणारा सायकलस्वार त्याला सांभाळून घेता येतो, अचानक आडवा येणारा येत नाही.

दुसरा धोका दाराचा. उभ्या मोटारीचा चालक उजव्या बाजूला बसतो, म्हणजे त्याचं दार नेमकं सायकलस्वाराच्या वाटेत उघडतं. दार उघडताना डाव्या हाताचा वापर केला तर शरीर आपोआप वळतं आणि मागचं दिसतं. मोटार चालवणाऱ्यांनी ही एक सवय लावून घेतली तरी पुष्कळ फरक पडेल. पण दुसऱ्याच्या सवयीच्या भरवशावर राहण्यापेक्षा मीटरभर अंतर ठेवणं स्वाराच्या हातात असतं.

तिसरा मुद्दा जागेचा. समजा मार्गिका तीन मीटर रुंद आहे. साठ सेंटिमीटर हँडलची सायकल कडेपासून वीस सेंटिमीटरवर चालली आहे. मागच्या मोटारीला उरले २.२ मीटर. आरशांसह मोटार साधारण दोन मीटर. चालकाला वाटतं, ‘जाईल की!’ आणि तो खरंच जातो, सायकलपासून वीतभर अंतरावरून. तोच स्वार अशा अरुंद ठिकाणी मार्गिकेच्या मध्याजवळ असेल, तर इथे जागा नाही हे चालकाला लांबूनच कळतं आणि तो वेग कमी करतो किंवा दुसऱ्या मार्गिकेतून जातो.

अर्थात तो हॉर्नही वाजवतो. हॉर्नचा त्रास होतो, पण हॉर्न वाजवणाऱ्याने निदान पाहिलेलं असतं.

याचा अर्थ सगळीकडे रस्त्याच्या मधोमध चालावं असा नाही. रस्ता रुंद झाला, जागा मिळाली की पुन्हा डावीकडे यावं आणि मागच्यांना जाऊ द्यावं. महामार्गाच्या बाह्यवळणावर किंवा गाड्या साठच्या वेगाने जातात अशा रस्त्यावर मध्य धरून ठेवणं हे धाडस नव्हे, वेडेपणा आहे. तिथे वेगळा मार्ग शोधणं हाच उपाय. सायकलला परवाना लागत नाही, पण द्रुतगती मार्गासारख्या काही रस्त्यांवर तिला बंदी असते, हेही लक्षात असावं.

चौकात काय करायचं?

चौकातला मोठा घोटाळा ‘फ्री लेफ्ट’चा आहे. सरळ जाणारा सायकलस्वार अगदी डावीकडे असतो आणि डावीकडे वळणाऱ्या गाड्या त्याला कापत जातात. सरळ जायचं असेल तर चौकाच्या बरंच आधी मागे पाहून, हात दाखवून सरळ जाणाऱ्या रांगेत यावं. सिग्नलला बस किंवा डंपर उभा असेल तर त्याच्या डाव्या बाजूच्या फटीतून पुढे जाणं कटाक्षाने टाळावं. चालकाला ती जागा नीट दिसत नाही, आणि लांब वाहन डावीकडे वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. फट तिथेच मिटते. मागे थांबल्याने फार तर एक सिग्नल वाया जातो.

उजवीकडे वळणं नवशिक्याला जड जातं. त्यावर सोपा तोडगा आहे : आधी सरळ चौक ओलांडायचा, पलीकडे डाव्या कोपऱ्यात थांबून सायकल उजवीकडे फिरवायची आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की पुन्हा सरळ जायचं. तेही अवघड वाटलं तर उतरून पादचाऱ्यांबरोबर झेब्रावरून सायकल हातात धरून न्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

जंगली महाराज रस्ता किंवा फर्ग्युसन रस्त्यासारख्या एकेरी रस्त्यांवर ‘सायकलच तर आहे’ म्हणून उलट दिशेने घुसणारे रोज दिसतात. १५ च्या वेगाची सायकल आणि ४० च्या वेगाची मोटार एकाच दिशेने जात असतील तर वेगातला फरक २५ चा. समोरासमोर आल्या तर तो ५५ होतो. शिवाय गल्लीतून बाहेर येणारा चालक त्या दिशेला पाहतच नाही.

सायकल ट्रॅक आहेत ना?

आहेत आणि नाहीतही. २००६ मध्ये सातारा रस्त्यावर बीआरटी आली तेव्हा सोबत सायकल ट्रॅकही आले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, त्यात ८२४ किलोमीटरचं जाळं दाखवलं आहे. कागदावर हे जाळं देखणं आहे. प्रत्यक्षात ट्रॅकवर दुचाकी उभ्या असतात, मध्ये बसथांबा येतो, कुठे हातगाडी, आणि एखाद्या चौकाआधी ट्रॅक नुसता संपतो. मोकळा आणि सलग ट्रॅक असेल तर तो जरूर वापरावा. मात्र तो जिथे संपून स्वार पुन्हा वाहतुकीत मिसळतो, तिथे मागे पाहण्याचं ते मैदानातलं कौशल्य लागतं. स्वार कितीही तयार झाला तरी सलग ट्रॅकची उणीव त्याच्या कौशल्याने भरून निघत नाही, हेही खरं.

निघण्याआधी

टायरमधली हवा, दोन्ही ब्रेक आणि चेन पाहायला मिनिटभर पुरतं. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. सायकलस्वाराला हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, पण ते घालावं आणि हनुवटीखालचा पट्टा घट्ट असावा. ओढणी, साडीचा पदर किंवा पँटचा सैल घोळ चाकात आणि चेनमध्ये अडकून होणारे अपघात अगदी टाळण्यासारखे आहेत. जूनमधल्या पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून निसरडं होतं, त्यातही झेब्राचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं जास्त. तिथे वळता वळता ब्रेक दाबू नये, वेग वळणाआधीच कमी करावा. रिमला घासणारे ब्रेक ओले झाले की उशिरा पकडतात, त्यामुळे अंतर वाढवावं.

आणि ऑफिसला सायकलने जायचंच असेल, तर पहिली फेरी रविवारी सकाळी सातच्या आत करावी. नकाशावरचा सगळ्यात जवळचा रस्ता न घेता आतल्या गल्ल्यांचा, एखादा किलोमीटर जास्तीचा रस्ता निवडावा. खड्डे, जाळ्या, उतार आणि अवघड चौक त्या फेरीतच पाहून ठेवावेत. मग तीच फेरी कामाच्या दिवशी सकाळी साडेसातला. दहाची गर्दी त्यानंतर.