तंगडी तुटली, बॅच पास

आमच्या लॅबमध्ये त्याला सगळे लेंगा म्हणत. कागदावरचं नाव ‘ट्राउझर टेस्ट पीस’, पण भोसरीतल्या रबराच्या कारखान्यात ट्राउझर कोण म्हणणार? २ मिलिमीटर जाडीच्या रबरी शीटमधून १०० मिलिमीटर लांब, १५ मिलिमीटर रुंद पट्टी कापायची आणि एका टोकाकडून मधोमध ४० मिलिमीटरचा छेद द्यायचा. झाल्या दोन तंगड्या. एक तंगडी वरच्या जबड्यात, दुसरी खालच्या. मशीन सुरू केलं की लेंगा कमरेकडे फाटत जातो आणि किती जोर लागला याचा आलेख निघतो. जोराला जाडीने भागायचं, रिपोर्टवर आकडा लिहायचा, सही करायची.

३१ वर्षं मी हे केलं. त्यातली पहिली दहा-बारा वर्षं आपण नक्की काय मोजतोय हे मला कळलेलं नव्हतं, आणि ते कळत नाहीये हेही कळलेलं नव्हतं.

कळायला निमित्त झालं ते इंजिन माउंटिंगच्या एका तक्रारीचं. इंजिन आणि चासी यांच्यामध्ये बसणारा, धातूला चिकटवलेला रबराचा ठोकळा. एका गिऱ्हाइकाकडून लॉट परत आला, कडेला तडे गेलेले. साहेब म्हणाले, मऊ पडतंय, कडक करा. मला पटलं. सल्फर वाढवलं, हार्डनेस ५५ वरून ६५ वर नेला आणि माल पाठवला. पुढची तक्रार आधीपेक्षा लवकर आली. कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, माझं होतं, त्यामुळे बोलणीही मीच खाल्ली. त्या रागात मी पहिल्यांदा या विषयावरचे जुने शोधनिबंध शोधून वाचायला घेतले.

धागा सुरू होतो तो काचेपासून. इंग्लंडात फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत ए. ए. ग्रिफिथ नावाचा इंजिनिअर होता. रेणूंमधल्या बंधांच्या हिशेबाने काच जितकी मजबूत असायला हवी, तिच्या कितीतरी कमी जोराला ती का फुटते, हा त्याचा प्रश्न. १९२१ मध्ये छापलेलं त्याचं उत्तर असं, की काचेत आधीपासूनच बारीक चिरा असतात. चीर पुढे सरकली की ताणलेल्या काचेत साठलेली थोडी ऊर्जा मोकळी होते, पण नवा पृष्ठभाग तयार करायला ऊर्जा खर्चही होते. जमा खर्चापेक्षा जास्त झाली की चीर धावत सुटते. किराणा दुकानाच्या वहीइतकं साधं गणित आहे.

हे गणित रबराला लावलं ते वेल्विन गार्डन सिटी इथल्या ब्रिटिश रबर प्रोड्यूसर्स रिसर्च असोसिएशनच्या प्रयोगशाळेतून. रबराच्या बळकटीबद्दल आज जे शिकवलं जातं, त्यातलं बरंचसं या एका गावातून आलेलं आहे. रोनाल्ड रिव्हलिन आणि ए. जी. थॉमस यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं, की रबर फाडायला दर चौरस मीटरमागे लागणारी ऊर्जा हा त्या रबराचा स्वतःचा गुण आहे. तुकडा लेंग्यासारखा कापा, रुंद पट्टी घेऊन तिच्या कडेला छेद द्या, आकार काहीही घ्या. जोर बदलेल, ही ऊर्जा तीच येईल. तिला त्यांनी ‘टेअरिंग एनर्जी’ म्हटलं.

हे वाचताना माझा लेंगा मला नव्याने दिसला. तो १ सेंटिमीटर फाटला की प्रत्येक तंगडी १ सेंटिमीटरने वाढते, म्हणजे जबडे एकमेकांपासून २ सेंटिमीटर लांब जातात. जोर गुणिले हे अंतर म्हणजे मशीनने केलेलं काम, आणि त्याला फाटलेल्या क्षेत्रफळाने भागलं की टेअरिंग एनर्जी. म्हणजे रिपोर्टवर मी जो आकडा लिहीत होतो, त्याची दुप्पट! इतकी वर्षं जोर समजून लिहिलेला आकडा खरं तर ऊर्जेचा होता.

घरी फुग्यावर हे सहज दिसतं. गच्च फुगवलेल्या फुग्याला टाचणी लावली की ठो. तीच टाचणी अर्धवट फुगवलेल्या फुग्याला लावा, तो बहुतेक वेळा नुसता सुस्कारा सोडत बसतो. भोक तेवढंच असतं. पण आजूबाजूच्या रबरात ते पुढे फाडण्याइतकी ऊर्जा साठलेली नसते.

आता माझ्या सल्फरकडे येतो. रबर म्हणजे शेवयांसारखा लांबच लांब साखळ्यांचा गुंता. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइअरला रबर आणि गंधक एकत्र तापवण्याची युक्ती सापडली. त्यात गंधक या साखळ्यांना जागोजागी गाठी मारतं, म्हणून ताणलेलं रबर परत जागेवर येतं. (गुडइअर कर्जातच मेला. त्याच्या नावाची टायर कंपनी त्याच्यानंतर ३८ वर्षांनी निघाली आणि तिचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.) गाठी जास्त म्हणजे रबर कडक, इथवर मलाही माहीत होतं. पुढचं १९६७ मध्ये जी. जे. लेक आणि थॉमस यांनी मांडलं. दोन गाठींमधली साखळी तुटते तेव्हा तिच्यातला बंध एकच तुटतो, पण तुटण्याच्या क्षणापर्यंत त्या तुकड्यातले शेकडो बंध सारखेच ताणलेले असतात. एक तुटला की सगळ्यांतली ऊर्जा वाया जाते. म्हणून दोन गाठींमधलं अंतर जितकं लांब, तितकं ते रबर फाडणं महाग. सल्फर वाढवून मी ते अंतर आखूड केलं होतं, म्हणजे फाटणं स्वस्त करून ठेवलं होतं. वर इंजिनाचं हलणं होतं तेवढंच राहिलं. तेवढ्याच हलण्यात कडक रबरात दर हिसक्याला जास्त ऊर्जा साठते. म्हणजे वहीच्या दोन्ही बाजूंना मीच चूक केली होती.

लेक-थॉमसच्या हिशेबाने निघणारी किमान किंमत दर चौरस मीटरला ५० ज्यूलच्या आसपास येते. त्याखाली राहिलात तर रबर कितीही वेळा ताणा, ताणण्यामुळे चीर वाढत नाही. हवेतला ओझोन मात्र ताणलेल्या रबराला कुरतडतो. कपाटातल्या जुन्या कागदांच्या भेंडोळ्यावर चढवलेल्या रबरबँडला आडवे तडे जातात ते त्यामुळे. तेच रबरबँड सैल ठेवलं असतं तर बरंच टिकलं असतं.

पण कारखान्यात प्रत्यक्ष फाडताना लागायचे ते हजारो ज्यूल, चांगल्या कंपाउंडला दहा हजाराच्या घरात. मग पन्नासाच्या वरचे सगळे जातात कुठे? मला वाटतं, या विषयातली खरी मौज इथे आहे. ते फुकट जातात, आणि फुकट जातात म्हणूनच रबर टिकतं. चिरेच्या टोकाशी साखळ्या एकमेकींवर घासतात आणि ऊर्जेची उष्णता होते. शिवाय नैसर्गिक रबराची एक खास कला आहे. खूप ताणलं की त्याच्या साखळ्या ओळीत येऊन त्यांचे स्फटिक बनतात. हे १९२५ मध्ये काट्झने क्ष-किरणांनी दाखवलं. सर्वांत जास्त ताण असतो चिरेच्या टोकाशी, म्हणजे नेमक्या धोक्याच्या जागी रबर स्वतःच टणक होतं. सैल सोडलं की स्फटिक वितळतात. एसबीआर या कृत्रिम रबराला हे जमत नाही. बळकटीसाठी घालतात तो कार्बन न घातलेलं एसबीआर हाताने सहज तुटतं, तसंच साधं नैसर्गिक रबर त्याच्या सात-आठपट ताण सहज घेतं. विमानांच्या टायरांत आजही नैसर्गिक रबर लागतं ते उगाच नाही.

ताणलं की रबर गरम होतं, हे तर ओठांनाही कळतं. जाड रबरबँड झटकन ताणून वरच्या ओठाला लावून पाहा. हा प्रयोग १८०५ मध्ये जॉन गफ यांनी लिहून ठेवला. लहानपणी देवीच्या आजारात त्यांची दृष्टी गेली होती.

वेल्विनचाच ॲलन जेंट १९६१ मध्ये अमेरिकेत ॲक्रनला गेला. टायर कंपन्यांचं गाव ते, आणि तिथल्या विद्यापीठात त्याने उरलेलं आयुष्य रबराचा अभ्यास करण्यात घालवलं. त्याचं माझ्या सर्वांत कामी आलेलं काम मात्र त्याआधीचं, १९५९ मधलं, पी. बी. लिंडलीबरोबरचं. रबराची पातळ चकती दोन धातूच्या तुकड्यांमध्ये चिकटवून त्यांनी ती सरळ ओढली. चकती बाजूंनी आत यायला जागा नाही आणि रबराचं आकारमान सहसा बदलत नाही, त्यामुळे ते आतल्या आत सगळ्या दिशांनी ओढलं जातं. अगदी कमी ताणाला, साध्या पट्टीला तोडायला लागतो त्याच्या एखाद्या लहानशा अंशाला, चकतीच्या पोटात भोकं पडायला लागली. बाहेरून सगळं धडधाकट! परत आलेली प्रत्येक माउंटिंग आडवी कापून पाहायची सवय मला तेव्हापासून लागली. त्यापायी करवतीची कितीतरी पाती गेली, स्टोअरवाला कुरकुरायचा.

शेवटी कंपाउंड बदललं. सल्फर मागे घेतलं, नैसर्गिक रबर वाढवलं, कार्बन ब्लॅक बारीक दाण्याचा घेतला. आणि मग लेंगा नीट फाटेना.

हा या चाचणीचा जुना त्रास आहे. कार्बन घातलेल्या चांगल्या नैसर्गिक रबरात चीर सरळ जात नाही. टोकाशी टणक झालेला भाग तिला अडवतो, ती वाकडी होते, थांबते, गाठ धरते आणि पुन्हा नव्याने सुटते. आलेखावर करवतीचे दाते दिसतात. कधी चीर इतकी वळते, की लेंगा उभा फाटण्याऐवजी एक तंगडीच कमरेपासून वेगळी होऊन जबड्यात लटकते. तो आकडा रिपोर्टवर घेता येत नाही, दुसरा तुकडा कापावा लागतो.

माझ्या शेवटच्या वर्षी लॅबमध्ये नवा मुलगा आला होता, डिप्लोमा करून. एका सकाळी लागोपाठ तीन तुकडे घेऊन तो माझ्या टेबलापाशी आला. चेहरा पडलेला.

“सर, तिन्हींची तंगडी तुटली. तिन्ही बाद?”

“तुकडे बाद,” मी म्हणालो, “बॅच जाऊ दे.”