‘होऊन गेला’ : कोरोनानंतरच्या प्रतिकारक्षमतेचा कालावधी

‘देवी येऊन गेल्या’, ‘गोवर येऊन गेला’ असे प्रयोग मराठीत रूढ आहेत. त्यांतील ‘जाणे’ हे क्रियापद केवळ क्रियेची पूर्तता दर्शवीत नाही. तो रोग त्या व्यक्तीच्या वाट्याला पुन्हा येणार नाही, हा विश्वासही त्यात गृहीत असतो. त्यास अनुभवाचा आधार होता; कारण या दोन्ही रोगांनंतर येणारी प्रतिकारक्षमता बहुधा आयुष्यभर टिकते.

२०२० नंतर ‘कोरोना होऊन गेला’ हा प्रयोग याच साच्यात घडला आणि साच्याबरोबर जुने आश्वासनही त्यास चिकटले. वस्तुतः कोरोना-विषाणूंपैकी चार माणसास साधे पडसे आणतात, आणि पडसे एकदा होऊन संपले असे कोणी मानीत नाही. अ‍ॅमस्टरडॅम येथील दहा पुरुषांच्या दीर्घकाळ जपलेल्या रक्तनमुन्यांची तपासणी २०२० साली प्रसिद्ध झाली. तीत या चार विषाणूंचा पुनःसंसर्ग बहुधा बारा महिन्यांच्या अंतराने झालेला आढळला. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेस यात्रा व जनावरांचा मोठा बाजार भरतो. एका यात्रेपासून दुसऱ्या यात्रेपर्यंतचा काळ तो साधारणतः एवढाच.

मग कोविडनंतरचे संरक्षण पुढील यात्रेपर्यंत टिकते काय? या प्रश्नास एकच उत्तर नाही; कारण ‘प्रतिकारशक्ती’ या एका शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी येतात. रक्तातील व नाकाच्या अंतस्त्वचेवरील प्रतिपिंडे विषाणूस शिरकावाच्या वेळीच अडवितात. परंतु ती काही महिन्यांत घटतात, आणि विषाणूचे रूप पालटल्यास त्यास नीट ओळखीत नाहीत. स्मृतिपेशी मात्र दीर्घकाळ राहतात. २००३ च्या सार्स साथीतून बऱ्या झालेल्यांच्या रक्तात सतरा वर्षांनंतरही त्या विषाणूस ओळखणाऱ्या टी-पेशी आढळल्या. स्मृतिपेशींची वाढ होण्यास काही दिवस लागतात. म्हणून त्या संसर्ग टाळू शकत नाहीत, पण तो विकोपास जाण्यापूर्वी त्यास आवर घालू शकतात.

‘लॅन्सेट’ नियतकालिकात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, १९ देशांतील ६५ अभ्यासांच्या विश्लेषणातून हाच भेद स्पष्ट होतो. आधीच्या संसर्गानंतर ४० आठवड्यांनी, ओमिक्रॉनपूर्व प्रकारांच्या पुनःसंसर्गापासून सुमारे ७९ टक्के संरक्षण उरले होते. ओमिक्रॉनच्या बीए-१ प्रकारापासून अवघे ३६ टक्के. गंभीर आजारापासूनचे संरक्षण मात्र बीए-१ च्या बाबतीतही सुमारे ८९ टक्के होते. हे आकडे सरासरीचे होत. वृद्ध वा दुर्बल व्यक्तीस ते जसेच्या तसे लावता येत नाहीत.

तात्पर्य, ‘किती काळ?’ या प्रश्नापूर्वी ‘कशापासून?’ हा प्रश्न विचारला पाहिजे. ‘मला होऊन गेला’ असे म्हणणारा निरोगी तरुण स्वतःपुरता बहुतांशी निर्धास्त राहू शकेल. परंतु गर्दीतून तोच विषाणू घरी नेऊन वृद्ध आईस देणे त्यास अशक्य झालेले नसते. ‘गेला’ हे रूप येथे भूतकाळाचे विधान आहे, भविष्यकाळाची हमी नव्हे.