समुद्रतळ वाजवून पाहताना

मडके घेताना आपण टिचकी मारून बघतो. आवाज खणखणीत आला की मडके पक्के भाजले आहे एवढे कळते. त्यात पाणी किती आहे हे टिचकी सांगत नाही. समुद्रतळाखालच्या गॅस हायड्रेटचा अंदाज बांधताना नेमका हाच फरक विसरला जातो. पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात मिथेन कोंडलेला हा बर्फासारखा पदार्थ भरपूर दाब आणि पुरेशी थंडी असली तरच टिकतो. एक घनमीटर हायड्रेट विरघळले की सुमारे १६४ घनमीटर वायू सुटतो, म्हणून त्याच्याविषयीचे आकर्षण समजण्यासारखे आहे. भारताचा अंदाजित साठा १,८९४ लाख कोटी घनमीटर असल्याचे नेहमी सांगितले जाते. पण ध्वनिलहर सांगते ती खडकाची घडण. तिच्यावरून थेट साठ्याचा हिशेब मांडला की तो फसतो.

शोधाची सुरुवात होते ती ‘बीएसआर’ या खुणेपासून. भूकंपीय नोंदीत समुद्रतळाला समांतर, पण उलट्या ध्रुवतेची एक ठळक रेघ दिसते. वर हायड्रेटने कडक झालेला गाळ, खाली मोकळा वायू भरलेला मऊ गाळ, आणि त्यांच्या सीमेवरून परतलेली लहर म्हणजे ही रेघ. मात्र मोकळा वायू थोडासा असला तरी लहरीचा वेग झपाट्याने घसरतो आणि पुढे वायू वाढला तरी फारसा बदलत नाही. म्हणजे रेघ ठळक होते ती बरीचशी खालच्या वायूमुळे; वरच्या हायड्रेटचे माप तिच्यात नसते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासमोरच्या ब्लेक रिजवर १९९५मध्ये ९९४ क्रमांकाच्या ठिकाणी बीएसआर नसताना हायड्रेट सापडले. उलट २००६च्या भारतीय मोहिमेत ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ जहाजाने केरळ-कोकण खोऱ्यात बीएसआरसारखी रेघ पाहून घेतलेल्या विहिरीत हायड्रेट मिळाले नाही.

त्याच मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या दहाव्या ठिकाणी सुमारे १३० मीटर जाडीचा हायड्रेटयुक्त थर लागला. हायड्रेट विरघळताना आजूबाजूची उष्णता शोषून घेते, त्यामुळे विहिरीतून काढलेला गाळाचा नळकांडी नमुना, म्हणजे गाभा, डेकवर येताच अवरक्त कॅमेऱ्यात त्याच्या जागा थंड डागांसारख्या उमटतात. दाब कायम राखून वर आणलेल्या गाभ्यांच्या क्ष-किरण चित्रांत चिकणमातीतून उभ्या-तिरक्या गेलेल्या हायड्रेटच्या शिरा दिसल्या. गाळ सगळ्या दिशांनी सारखा आहे असे धरून विद्युतरोधावरून काढलेले प्रमाण या गाभ्यांतल्या प्रत्यक्ष प्रमाणाच्या कितीतरी पट निघाले. प्रत्यक्षात छिद्रांतली साधारण पाव जागाच हायड्रेटने व्यापली होती. विद्युतप्रवाहाला उभ्या शिरा आडव्या येतात, म्हणून रोध फुगतो. वरून खाली जाणारी लहर त्याच शिरांच्या कडेने, कडक वाटेने धावते, म्हणून वेगही फुगतो. दिशाभेद हिशेबात धरल्यावर आकडे गाभ्यांशी जुळू लागले.

शिरा नसल्या तरी पेच सुटत नाही. हायड्रेट वाळूच्या कणांच्या सांध्यांवर सिमेंटसारखे बसले, तर अल्प प्रमाणातही वेग उसळतो. छिद्रांच्या मधोमध तरंगत राहिले, तर बरेच साठेपर्यंत वेग जेमतेम बदलतो. थरांचाही प्रश्न आहे. ५० हर्ट्झची लहर गाळातून सेकंदाला १,६०० मीटर वेगाने गेली, तर तिची लांबी ३२ मीटर होते. हात-दीड हात जाडीचे वाळूचे थर तिला सुटे दिसत नाहीत, त्यांची सरासरीच कळते. आणि तीही थरांना लंब जाताना वेगळी, समांतर जाताना वेगळी. विहिरीत उतरवलेल्या उपकरणाच्या १०,००० हर्ट्झच्या लहरीची लांबी भरते अवघी १६ सेंटिमीटर. एकच खडक या दोन लहरींना दोन वेगळी उत्तरे देतो.

मग भूकंपीय सर्वेक्षण निरुपयोगी म्हणायचे का? मुळीच नाही. विहीर म्हणजे सुईचे टोक. शेकडो किलोमीटरचा तळ धुंडाळायला लहरीइतके सोयीचे दुसरे साधन नाही. आडव्या कंपनांची अपरूपण लहर जोडीला घेतली की शंका आणखी कमी होतात, कारण द्रव आणि वायू तिला वाहून नेत नाहीत. सांगाड्याच्या कडकपणाची साक्ष ती अधिक निर्मळपणे देते. आक्षेप आहे तो लहरीला एकटीलाच न्यायाधीश करण्यावर. २०१५च्या दुसऱ्या मोहिमेत ‘चिक्यू’ जहाजाने कृष्णा-गोदावरी खोऱ्यात हायड्रेटने भरलेले वाळूचे थर गाठले. त्या वेळी केवळ बीएसआरच्या रेघेमागे न धावता, वाळू कुठे साठली असेल आणि वायू तिथवर कोणत्या वाटेने आला असेल याचाही विचार झाला होता.

म्हणून लाख-कोटींचा आकडा पुढे आला की वाचकाने दोन गोष्टी विचाराव्यात: हायड्रेट खडकात कसे बसले आहे, आणि दाबाखालचे किती गाभे त्याची साक्ष देतात? ही उत्तरे मिळत नाहीत तोवर तो आकडा अंदाजच राहतो. त्याला साठा म्हणू नये.