बंद पडलेल्या कारखान्याचे घर करताना

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या गावांत साधे माग भंगारात काढून कारखाना रिकामा केलेली घराणी आता थोडीथोडकी नाहीत. माग गेले की चार भिंती आणि पत्र्याचे छप्पर उरते. भाडेकरू मिळत नाही, आणि इकडे मुलांची लग्ने होऊन घर अपुरे पडलेले असते. तेव्हा शेडमध्येच राहायला जावे हा विचार सहज येतो. विचार वाईट नाही. मँचेस्टरच्या अँकोट्स भागात जुन्या सूतगिरण्यांच्या इमारतींत आज कुटुंबे राहतात. रिकार्डो बोफिल या स्पॅनिश वास्तुविशारदाने 1973 साली बार्सिलोनाजवळचा बंद सिमेंट कारखाना घेतला, तीसहून अधिक उंच कोठ्यांपैकी आठ ठेवल्या आणि तेथे राहते घर व कचेरी केली. त्याच्याजवळ पैसा होता आणि वेळही. आपल्या व्यापारी बांधवांना दोन्ही मोजून वापरावे लागतात, म्हणून काही गोष्टी आधी समजून घ्याव्यात.

गवंड्याला बोलावण्यापूर्वी मालकीचा कागद काढा. बहुतेक कारखाने अजून मरहूम वालिदांच्याच नावावर आहेत. कर्ज फेडून, आणि वसियत असल्यास ती एक तृतीयांशाच्या आत पुरी करून जे उरते, त्यात मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा ठरलेला आहे. आमच्या पेठेत नेहमी दिसते ते असे : भाऊ शेडवर पैसा घालतात, घर उभे राहते, आणि मग बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावतात. तोवर जागेची किंमत वाढलेली असते. बहीण आजच्या भावाने हिस्सा मागते, भाऊ म्हणतो खर्च माझा, आणि ईदचे येणेजाणे बंद होते. दुरुस्तीपूर्वी, आहे त्या स्थितीत शेडची किंमत दोन जाणत्यांकडून ठरवून घ्यावी, बहिणीचा हिस्सा रोख किंवा हप्त्याने द्यावा आणि दस्त नोंदवून घ्यावा. स्थावर मिळकतीचे हक्कसोडपत्र साध्या कागदावर चालत नाही.

दुसरा कागद परवानगीचा. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे इमारतीचा वापर बदलणे हेही बांधकामासारखेच परवानगीचे काम आहे. जागा विकास आराखड्यात कोणत्या पट्ट्यात येते ते महापालिकेत विचारा. औद्योगिक वसाहतीतला भूखंड भाडेपट्ट्याचा असतो, तो कारखान्यासाठी दिलेला असतो; तेथे घर करण्याचा नाद सोडलेला बरा. विजेचेही तसेच. यंत्रमागाच्या मीटरवर घरचा पंखा आणि फ्रीज चालवणे वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरू शकते आणि आकारणी दुप्पट दराने होते. घरगुती मीटर वेगळा घ्या.

आता इमारतीकडे वळू. सर्वांत जास्त सांभाळण्याची गोष्ट छप्पर. जुन्या शेडवर बहुधा सिमेंटचे नालीदार पत्रे असतात आणि त्यांत ॲसबेस्टॉस असते. पत्रा न फुटता वर पडून आहे तोवर धोका कमी. ग्राइंडरने कापला, भोके पाडली, वरून खाली टाकून फोडला की त्याचे बारीक तंतू हवेत उडतात, श्वासाबरोबर आत जातात आणि फुफ्फुसाचा आजार वीस-तीस वर्षांनी डोके वर काढतो. मजूर रुमाल बांधून हे काम करतात. रुमालाने हे तंतू अडत नाहीत. पत्रे पाणी मारून ओले करा, बोल्ट सोडवून अख्खे उतरवा, त्या वेळी मुलाबाळांना दूर ठेवा, आणि उतरलेले पत्रे कोंबड्यांच्या खुराड्यासाठी कुणाला देऊ नका. तुळयांवर आणि माळ्यावर वर्षानुवर्षे बसलेली कापसाची तुसेही ओल्या फडक्यानेच काढावीत. ती झाडली तर पुन्हा खालीच येतात, आणि ठिणगी पडली तर पेट घेतात.

जमीन दुसरी डोकेदुखी. माग होते त्या जागी तेल आणि ग्रीस काँक्रीटमध्ये मुरलेले असते. त्यावर थेट लादी बसवली तर ती वर्षभरात सुटू लागते. पाण्याचे थेंब टाकून पाहा. ते मोत्यासारखे वर उभे राहिले तर तेल अजून आत आहे, पाणी शोषले गेले तर ठीक. तेलकट थर टाकीने खरवडून काढावा आणि नवा कोबा घालावा. मागाचे पाय जखडलेले बोल्ट मुळापासून कापावेत.

कारखान्याला बाथरूम, मोरी यांचा विचार क्वचितच केलेला असतो, म्हणून सांडपाण्याचा उतार आधी काढा, भिंती नंतर. बाकी रंग-लादीचे गवंडी जाणतो. शेडची उंची मात्र कमी करू नका. उष्ण हवा वर जाते, तिला बाहेर पडायला भिंतीच्या वरच्या बाजूस झरोके ठेवा. खाली छत टाकून खोल्या केल्या तर मे महिन्यात त्यात बसवत नाही. एका बाजूला राहणे आणि दुसऱ्या बाजूला चार माग चालू ठेवणे असा मधला मार्ग काही जण काढतात. खडखडाट आणि तुसे भिंतीने थांबत नाहीत, हे मागवाल्याला वेगळे सांगायला नको.