उक्ते काम आणि संगणकाचा कारागीर

कामाचा मोबदला घेण्याच्या तीन रीती आपल्याकडे सर्वांच्या परिचयाच्या आहेत. महिन्याचा पगार, दिवसाचा रोज आणि ठरलेल्या कामाची उक्ती रक्कम. गवंडी, सुतार, रंगारी यांच्याशी बोलताना आपण 'रोजाने की उक्ते' असे सहज विचारतो. हाच प्रश्न आता संगणकाच्या क्षेत्रात शिकल्यासवरल्या तरुणांपुढे आला आहे. एखाद्या कंपनीला तीन महिन्यांपुरता प्रोग्राम लिहिणारा माणूस हवा असतो, एखाद्या रुग्णालयाला आपली जुनी माहिती नव्या यंत्रणेत हलवून घ्यावयाची असते. काम संपले की संबंध संपला. अशी अल्प मुदतीची कामे घेऊन स्वतंत्र व्यवसाय थाटावा, असे अनेकांच्या मनात येते. तो कसा थाटावा आणि त्यात कोठे सावध राहावे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नोकरी सोडून स्वतंत्र होणे म्हणजे केवळ साहेबाच्या हुकमातून सुटणे नव्हे. आजारपण, रजा, काम नसलेले दिवस, बिघडलेले यंत्र, म्हातारपणाची तरतूद हा सारा भार नोकरीत बव्हंशी मालक उचलत असतो. स्वतंत्र माणूस तो भार आपल्या शिरावर घेतो. म्हणून त्याच्या दरात आणि त्याच्या करारपत्रात या भाराची सोय झालेली असली पाहिजे. बाकीच्या सर्व गोष्टी या एका सूत्रातून निघतात.

आधी दराचा हिशेब पाहू. महिना एक लाख रुपये पगार असलेल्या माणसाला कोणी रोजचे पाच हजार देऊ केले, तर बावीस दिवसांचे एक लाख दहा हजार होतात आणि सौदा फायद्याचा वाटतो. पण वर्षाचे ३६५ दिवस घ्या. शनिवार-रविवारचे १०४ वजा केले की २६१ उरतात. सणांचे १५ आणि आजारपण व विश्रांतीचे १६ दिवस सोडले की २३० राहतात. एक काम संपून दुसरे मिळेपर्यंत ४५ दिवस रिकामे गेले आणि नवे शिकणे, गिऱ्हाईक शोधणे, बिले करणे यांत १५ दिवस गेले, तर पैसे मिळवून देणारे दिवस १७० उरतात. त्यांची मिळकत साडेआठ लाख. त्यातून संगणक, वीज, इंटरनेट, आरोग्यविमा, हिशेबनीस आणि भविष्य निर्वाहाची स्वतःची वर्गणी यांचे दोन लाख चाळीस हजार धरले, तर हाती सहा लाख दहा हजार पडतात. वर्षाला बारा लाख मिळवणारा माणूस निम्म्यावर येतो! तेच बारा लाख राखावयाचे असतील, तर रोजचा दर सुमारे ८,४७० रुपये हवा. आम्ही घेतलेले आकडे प्रत्येकाने आपापल्या परिस्थितीप्रमाणे बदलावेत, पण हिशेबाची रीत बदलू नये.

आता कायद्याच्या बाजूकडे वळू. एकट्याने व्यवसाय करण्यासाठी कंपनी काढावी लागत नाही. स्वमालकीचा व्यवसाय आपल्याच नावावर आणि आपल्याच पॅन क्रमांकावर चालतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने एकट्या व्यक्तीची कंपनीही काढता येते, परंतु तिचे वार्षिक सोपस्कार आरंभी झेपत नाहीत. व्यवसायासाठी बँकेत वेगळे खाते मात्र पहिल्या दिवसापासून असावे. घरखर्च आणि धंद्याचा पैसा एका डब्यात ठेवला की वर्षअखेर दोहोंचाही पत्ता लागत नाही. महाराष्ट्रात अशा व्यावसायिकाने व्यवसाय कराची नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरावयाचे असतात.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. सेवा देणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची होते आणि बिलावर १८ टक्के कर लावावा लागतो. हा पैसा आपला नव्हे, तो सरकारचा, आपल्या हातून जाणारा. म्हणून दर ठरवतानाच 'कर वेगळा' असे लिहून घ्यावे. करासह एक लाख असे कबूल केले, तर आपल्या पदरात ८४,७४६ रुपयेच पडतात. परदेशी गिऱ्हाइकाला दिलेली सेवा नियमांत बसणारी निर्यात असेल तर तिच्यावर हा कर पडत नाही, परंतु वीस लाखांची मर्यादा मोजताना तीही रक्कम धरली जाते, हे ध्यानात ठेवावे.

आयकराच्या बाबतीत लहान व्यावसायिकाला एक मोठी सवलत आहे. २०१६ च्या वित्त कायद्याने आलेल्या तरतुदीप्रमाणे, ठरावीक व्यवसाय करणाऱ्याची वार्षिक जमा पन्नास लाखांपर्यंत असेल, तर जमेच्या निम्मी रक्कम हे उत्पन्न मानून त्यावर कर भरता येतो आणि हिशेबाच्या वह्या ठेवण्याची सक्ती राहत नाही. रोखीची जमा पाच टक्क्यांहून अधिक नसेल, तर ही मर्यादा पंचाहत्तर लाख आहे. माहिती तंत्रज्ञानाचा व्यवसाय त्या यादीत आहे. गिऱ्हाईक पैसे देताना कायद्याप्रमाणे काही कर आधीच कापून घेते. व्यावसायिक फी असेल तर दहा टक्के आणि निव्वळ तांत्रिक सेवा असेल तर दोन टक्के. ती कपात आपल्या नावे जमा झाली की नाही, हे खात्याच्या नोंदीत वेळोवेळी पाहावे. उरलेला आगाऊ कर या सवलतीखाली १५ मार्चपर्यंत एकरकमी भरावयाचा असतो. म्हणून प्रत्येक बिलातला ठरावीक हिस्सा आल्याबरोबर बाजूला काढणे हाच शहाणपणा होय.

करारपत्राचे महत्त्व तर दराहूनही अधिक. घर बांधताना मालक जाता जाता 'इथे एक खिडकीही काढा' म्हणतो आणि गवंड्याचे दोन दिवस जातात. संगणकाच्या कामात अशा खिडक्या रोज निघतात. त्या फुकट काढाव्या लागू नयेत म्हणून कामाची व्याप्ती, वाढीव कामाचा दर, काम किती दिवसांत तपासून स्वीकारावयाचे, विसार किती, हप्ते कोणते, करार मध्येच मोडल्यास किती दिवसांची सूचना द्यावयाची आणि नुकसानीची जबाबदारी कोठवर, हे सर्व काम हाती घेण्यापूर्वी लेखी असावे.

शिवाय एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम हे साहित्यकृतीप्रमाणेच संरक्षित लेखन मानले आहे. नोकराने नोकरीत लिहिलेल्या प्रोग्रामचा पहिला हक्क, उलट करार नसेल तर, मालकाचा असतो. स्वतंत्र व्यावसायिकाने लिहिलेल्याचा हक्क सामान्यतः त्याचा स्वतःचा असतो आणि तो लेखी करारानेच दुसऱ्याकडे जातो. अशा करारात मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षे धरतो. गिऱ्हाइकाला सर्व हक्क हवे असतात, ते द्यावेतही, पण पूर्ण पैसे मिळाल्यानंतर ते जातील असे कलम घालावे. थकलेल्या बिलावर याहून चांगला तगादा नाही.

थकबाकीसाठी आणखी एक आधार आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिलेच पाहिजेत आणि ती मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. त्यासाठी करावयाची 'उद्यम' नोंदणी विनामूल्य आहे. ती काम घेण्यापूर्वीच करून ठेवणे हिताचे.

शेवटी एका धोक्याकडे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते. काही ठिकाणी माणूस रोज ठरल्या वेळी कचेरीत येतो, एकाच साहेबाच्या सांगण्याप्रमाणे काम करतो, दुसरे काम घेण्याची त्याला मुभा नसते आणि तरी कागदोपत्री त्याला 'स्वतंत्र व्यावसायिक' म्हणतात. म्हणजे अंकुश नोकरीचा आणि जोखीम मात्र धंद्याची. सौराष्ट्रातील ध्रांगध्राच्या मिठागरांवरील आगरियांना मिठाच्या वजनाप्रमाणे पैसे मिळत, तरीही ते कामगारच आहेत, हा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली कायम केला. पैसे कसे दिले यापेक्षा काम कसे करावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हे न्यायालयाने पाहिले. प्रत्येक प्रकरण त्याच्या वस्तुस्थितीवर ठरते, पण सही करण्यापूर्वी हाच प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. माझी वेळ, माझी रीत आणि माझे दुसरे गिऱ्हाईक यांवर माझा अधिकार आहे काय? नसेल, तर ती नोकरी आहे, आणि मग नोकरीचे हक्क मागण्यात संकोच कसला?

ज्याच्याजवळ सहा महिन्यांच्या घरखर्चाची शिल्लक आहे, एकाहून अधिक गिऱ्हाइके मिळण्याचा संभव आहे आणि स्वतःच्या कामाची किंमत तोंडाने सांगण्याचे धैर्य आहे, त्याने हा मार्ग अवश्य धरावा. ज्याचा हिशेब अजून जुळत नाही, त्याने नोकरीत राहून शिल्लक वाढवावी. त्यात कमीपणा काहीच नाही.