काकीच्या पापण्या

पहाटे दादरला कोकणकन्या थांबली, तेव्हा काका हापूसची लहान पेटी छातीशी धरून उतरले. पेटीत आंबे नव्हते. पेंढ्यात नीट बसवलेली, बोटाच्या दोन पेरांएवढी मेणाची वडी होती. "ऊन लागू देऊ नका, मेण वितळतं," एवढंच मी फोनवर सांगितलं होतं. मे महिना होता, २०२२ साल. जन्मभर आंबे सांभाळलेल्या माणसाने ती वडी आंब्यासारखीच सांभाळून आणली.

त्या वडीला लॅबमध्ये ब्लॉक म्हणतात. मुंबईत तीस वर्षं मी असेच ब्लॉक कापले. बायोप्सीत निघालेला तांदळाच्या कणीएवढा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचा, त्यातलं पाणी काढून टाकायचं आणि तो वितळलेल्या मेणात बसवायचा. वडी गार झाली की मायक्रोटोमच्या पात्याखाली तिचे तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे. हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर होतो, यावरून जाडीचा अंदाज यावा. काप एकाला एक चिकटून फितीसारखे बाहेर पडतात. ते कोमट पाण्यावर सोडले की सुरकुत्या मोडतात आणि मग अलगद काचेवर उचलायचे. श्वास जोराने सोडला तरी फीत उडते. पण त्या दिवशी समोर आलेली वडी माझ्या काकीच्या फुप्फुसाची होती. ती कापायला मी दुसऱ्या मुलीला सांगितलं.

माझं माहेर देवगड तालुक्यातल्या मिठबावचं. काकीने आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही. चुलीपुढे मात्र चाळीस वर्षं बसली. खोकला सुरू झाला तेव्हा एका दवाखान्यात क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी चार महिने त्याच चालू राहिल्या. बायोप्सी झाली तेव्हा कॅन्सर छातीतल्या पाण्यापर्यंत गेलेला होता. आपल्याकडे असं अनेकांच्या बाबतीत होतं. दोन्ही आजारांत खोकला, दोन्हींत वजन उतरतं, आणि क्षय घरोघर माहितीचा. तरीही जंतू न सापडलेला खोकला औषधाने महिना-दोन महिन्यांत हलत नसेल, तर पुढची तपासणी मागून घ्या, हे मी गावात प्रत्येकाला सांगते आणि सांगत राहीन.

ब्लॉकमधून आम्हाला एक जनुक वाचून घ्यायचं होतं. त्या जनुकाचा पत्ता कसा लागला हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल, सापाच्या विषापर्यंत.

इटलीच्या रीटा लेव्ही-माँटाल्चिनी यांनी युद्धाच्या काळात, ज्यू म्हणून विद्यापीठाची दारं बंद झाल्यावर, तुरीनमधल्या घरी झोपायच्या खोलीत कोंबडीच्या अंड्यांतले गर्भ अभ्यासले. पुढे अमेरिकेत त्यांना दिसलं की एका गाठीतून काहीतरी पाझरतं आणि त्याने मज्जातंतू भराभर वाढतात. ते 'काहीतरी' नेमकं काय, हे शोधायला स्टॅनली कोहेन त्यांच्याबरोबर आले. त्यात न्यूक्लिक आम्ल आहे का, हे तपासायला त्यांनी सापाचं विष वापरलं, कारण विषातलं एक एन्झाइम न्यूक्लिक आम्ल तोडतं. झालं भलतंच. विष घातल्यावर तंतू आणखी जोमाने वाढले. वाढीचा तोच पदार्थ विषातही होता, आणि गाठीपेक्षा कितीतरी जास्त. देवगडच्या कातळावर फुरशाच्या भीतीने जपून पाय टाकत वाढलेल्या मला हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा खरा वाटेना.

कोहेन यांचा पुढचा विचार मला फार आवडतो. सापाची विषग्रंथी म्हणजे मुळात लाळेचीच ग्रंथी. मग उंदराच्या लाळग्रंथीत तो पदार्थ का नसावा? तिथेही तो पदार्थ सापडला. पण तो अर्क उंदराच्या नवजात पिल्लांना टोचल्यावर आणखी एक गोष्ट घडली. पिल्लांचे डोळे एरवी तेराव्या-चौदाव्या दिवशी उघडतात. टोचलेल्यांचे सातव्या दिवशीच उघडले. दातही लवकर आले. मज्जातंतूंच्या वाढीशी याचा काही संबंध नव्हता. कोहेन ते बाजूला सारू शकले असते. त्यांनी पापण्यांचाच माग काढला आणि १९६२ मध्ये दुसरं प्रथिन वेगळं करून दाखवलं. त्वचेच्या वरच्या थराला वाढ म्हणणारं ते प्रथिन म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, ईजीएफ. त्यात ५३ अमिनो आम्लं असतात. माणसाचं ईजीएफ १९७५ मध्ये लघवीतून वेगळं झालं, तेव्हा त्यातली ३७ जागच्या जागी उंदरासारखीच निघाली. त्याचं जनुक आपल्या चौथ्या गुणसूत्रावर आहे. त्यावरून पेशी आधी बाराशे सात अमिनो आम्लांचं लांबलचक प्रथिन विणते आणि त्यातून ही ५३ कापून काढते. कोहेन आणि रीटाबाईंना १९८६ चं नोबेल मिळालं.

निरोप असला म्हणजे तो ऐकणाराही हवा. ईजीएफसाठी पेशीच्या कातडीत एक प्रथिन बसवलेलं असतं. त्याचं एक टोक बाहेर, दुसरं आत. दारावरच्या कडीसारखं म्हणा. बाहेरून कडी वाजली की आतलं टोक जागं होतं आणि पेशीला दुभंगायचा हुकूम जातो. खरचटलेलं कोपर भरून येतं ते याच हुकुमाने. या ऐकणाऱ्याचं नाव ईजीएफआर. त्याचं जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे आणि या प्रथिनाची अमिनो आम्लांची पूर्ण माळ १९८४ मध्ये वाचली गेली. त्याच वर्षी लंडनच्या शास्त्रज्ञांना कळलं की कोंबड्यांना रक्ताचा कॅन्सर देणारा एक विषाणू याच जनुकाची मोडकी नक्कल बाळगून आहे. त्या नकलेत बाहेरचं टोकच नाही. कडी वाजो न वाजो, आत हुकूम चालूच.

काकीच्या गाठीतही तसंच काहीसं झालं होतं. ईजीएफआरचं जनुक जवळजवळ एक लाख नव्वद हजार अक्षरांचं. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, एक्झॉन १९ डिलिशन. पंधरा अक्षरं गळली होती, म्हणजे प्रथिनातली पाच अमिनो आम्लं. तेवढ्याने आतलं टोक कायमचं जागं. हा बदल काकीला आईवडिलांकडून आलेला नव्हता, तो तिच्या फुप्फुसातल्याच एका पेशीत घडला होता. तिच्या मुलींना हे मला तीनदा समजवावं लागलं.

असा रिपोर्ट आला की आम्ही लॅबवाले सुटकेचा श्वास टाकतो, हे घरच्यांना विचित्र वाटतं. पण त्याला गोळी आहे. जेफिटिनिब, २५० मिलिग्रॅम, रोज एक. ती ईजीएफआरच्या आतल्या टोकाला जाऊन अडवते. गोळी बाजारात आली तेव्हा ती ठरावीक रुग्णांनाच का लागू पडते, हे कुणाला कळत नव्हतं. २००४ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी त्यांच्या गाठींमध्ये हे बदल दाखवले. आपल्या लोकांत ते किती, हे परळच्या टाटा हॉस्पिटलने आणि त्याच्याच खारघरच्या संशोधन केंद्राने, अॅक्ट्रेकने पाहिलं. फुप्फुसाच्या अॅडिनोकार्सिनोमा या कॅन्सरच्या ९०७ भारतीय रुग्णांपैकी २३ टक्क्यांत बदल सापडले. हा अभ्यास २०१३ चा. ते नऊशे सात ब्लॉकही कुणीतरी असेच पिशव्यांतून, पेट्यांतून सांभाळून आणले असणार, असं मला तो आकडा वाचताना दर वेळी वाटतं.

गोळीचा जोर मात्र कायम टिकत नाही, गाठ दुसरी वाट काढते. टाटाच्याच डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५० रुग्णांवर एक साधा प्रश्न तपासला. गोळीला जुन्या किमोथेरपीची जोड दिली तर? नुसत्या गोळीवर आजार साधारण आठ महिने थोपला, जोडीवर सोळा. तीव्र दुष्परिणामही दुप्पट जणांना झाले, हेही सांगायलाच हवं. निष्कर्ष २०१९ मध्ये जाहीर झाले आणि जगभर वाचले गेले. नवं महागडं औषध हाताशी नसताना, असलेल्याच औषधांतून रुग्णाला आठ महिने जास्त मिळवून देणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! काकीला तीच जोडी दिली.

काकांना हे सगळं मी परळच्या फुटपाथवर, चहा पिता पिता समजावत होते. गाठ मारणारं नव्हे, तिला वाढ म्हणणारा हुकूम अडवणारं औषध. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे कल्टारच म्हण ना." मी बघतच राहिले. पावसाळ्यात कलमाच्या बुंध्याभोवती कल्टार देतात, ते झाडाच्या वाढीचं संप्रेरक अडवतं. पालवी थांबते, मोहोर येतो. इतक्या वर्षांत मला एवढा चपखल दाखला सुचला नव्हता.

चार महिन्यांनी छातीतलं पाणी आटलं होतं. काकी ओट्यावर बसून साठवणीतली सोलं उन्हात घालत होती. गोळीने तोंडावर पुरळ आलं होतं, नखांच्या कडा दुखत होत्या. ईजीएफआरची ती कडी सगळ्या अंगाच्या त्वचेत असते, औषध ती सगळीकडेच अडवतं. पण तिची तक्रार वेगळीच होती.

"बाय, पापणीचे केस डोळ्यात जातत."

मी तिला उजेडाकडे वळवलं. काळ्याभोर, लांब, टोकाला वळलेल्या पापण्या. ही गोळी घेणाऱ्या काहींच्या अशा वाढतात, हे मी वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. ईजीएफने पिल्लांच्या पापण्या वेळेआधी उघडल्या होत्या. इथे तोच निरोप अडवला, तर पापण्यांचे केस वाढायचे थांबेनात.

देवघरातली लहान कात्री मी उकळत्या पाण्यात धरली, पुसली. काकीने मान मागे टाकली आणि डोळे मिटले. "हलू नको," मी म्हटलं, आणि सवयीने स्वतःचाच श्वास रोखला.