अराता इझुमीचे नाव पुन्हा पुन्हा का निघते?

परदेशातील भारतीय वंशाच्या खेळाडूंना राष्ट्रीय फुटबॉल संघात घ्यावे की नाही, हा वाद इंटरनेटवर रंगला की एक जपानी नाव हमखास पुढे येते. ते म्हणजे अराता इझुमी. 2025 मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने तेथील नागरिकत्व सोडून भारताची निवड केली, तेव्हाही चाहत्यांना पहिली आठवण झाली ती त्याचीच. भारताकडून मोजकेच सामने खेळलेल्या या मिडफिल्डरची लोकप्रियता निवृत्तीनंतरही का टिकली, हे पाहण्यासारखे आहे.

अराताचा जन्म 1982 मध्ये जपानमधील शिमोनोसेकी येथे झाला. आई जपानी, तर वडील गुजराती. त्याचे भारतीय नाव नीलकंठ खंभोळजा. 2006 मध्ये तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे आला. पुढे मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून आणि 2009 पासून पुणे एफसीकडून खेळला. पुण्याच्या या संघाने 2012-13 च्या आय-लीगमध्ये उपविजेतेपद पटकावले.

भारतासाठी खेळण्याची वाट मात्र सोपी नव्हती. भारतात दुहेरी नागरिकत्वाची सोय नाही. त्यातच भारतीय पासपोर्ट असलेल्यांनाच देशाचे प्रतिनिधित्व करता येईल, असे धोरण केंद्र सरकारने 2008 मध्ये ठरवले. त्यामुळे अराताला जपानी नागरिकत्वावर पाणी सोडावे लागले. 2012 मध्ये तो भारतीय नागरिक झाला आणि फेब्रुवारी 2013 मध्ये कोची येथे पॅलेस्टाइनविरुद्ध भारताकडून प्रथमच मैदानात उतरला.

त्याच्या लोकप्रियतेचे मूळ या निर्णयात आहे. कात्सुमी युसासारखे जपानी खेळाडूही भारतात चाहत्यांचे लाडके झाले. पण ते पाहुणे राहिले. अराता मात्र चाहत्यांना घरचा वाटला.

दुसरे कारण काहीसे खिन्न करणारे आहे. महाराष्ट्रात तो ज्या संघांकडून खेळला, त्यांपैकी महिंद्र युनायटेड, पुणे एफसी आणि एफसी पुणे सिटी हे संघ आज अस्तित्वात नाहीत. त्या खेळाच्या आठवणी जागवायला प्रेक्षागृह उरले नाही. मग चाहत्यांना इंटरनेटचाच आधार उरतो.

गंमत अशी, की वादातील दोन्ही बाजू त्याचाच दाखला देतात. 'अराताने पासपोर्ट सोडला, मग इतरांनी का सोडू नये?' असे एक बाजू विचारते. चोविसाव्या वर्षी भारतात आलेल्या खेळाडूला राष्ट्रीय संघाची जर्सी तिसाव्या वर्षी मिळाली, याकडे दुसरी बाजू बोट दाखवते. फुटबॉलपटूच्या उमेदीच्या काळातील सहा वर्षे ही थोडी नव्हेत. 2027 च्या आशियाई करंडकाची पात्रताही भारताला मिळवता आली नाही. त्यामुळे हा हिशेब आता अधिकच बोचतो.